शुगर नव्हे, पीएसए

तुमच्या घरात वडिलांच्या आजाराचं नाव कुणी मोठ्यानं घेतं का? स्पिरिटचा वास आला की मला नाशिक रोडची ती लॅब आठवते. वडिलांचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, पण गेल्या खेपेला रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या आजाराची चाहूल देणारा आकडा, किंचित वाढला होता. आजार परतलाय का, ते या तपासणीत कळणार होतं. सायखेड्याहून निघालेल्या एसटीत गावातले एक अण्णा भेटले. "कुठं निघाले, तात्या?" "शुगर तपासायला," वडील म्हणाले. "मंग मी बी येतो, माझी लय वाढली हाय!" लॅबमध्येही अण्णा आम्हाला चिकटूनच बसले. "काका, कोणती टेस्ट?" तिथल्या बाईंनी विचारलं. वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "शुगर." बाईंनी दंडाला रबर बांधलं आणि मला राहवलं नाही. "पीएसए!" मी ओरडलेच. "कॅन्सर परत आलाय का ते बघायचंय!" वडिलांनी मान खाली घातली. अण्णा त्यांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "तात्या, मला बी लघवीला लय त्रास हाय. कोणाला सांगू?" वडिलांचा आकडा वाढलेलाच निघाला, पण वेळेत कळल्यामुळे उपचार सुरू झाले. म्हणून सांगते, आज जेवताना वडिलांना पुढची तपासणी कधी आहे ते विचारा, आणि विचारताना आजाराचं नाव गाळू नका.