दुसरी प्रत कोणाकडे ठेवायची?
काल कपाट उघडलं आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला, तशी ती दुपार आठवली बघा. हे गेल्यावर आमच्या व्हिडिओंची हार्ड डिस्क मी पैठणीच्या घडीत गोळ्या घालून जपली होती. वापरली तर झिजेल, असं वाटायचं! एकदा राहवेना म्हणून लॅपटॉपवर उतरवायला घेतली, तर मध्येच एरर आली. पुन्हा केलं, तर सगळं नीट उतरलं. तरी जीव थाऱ्यावर नाही. त्यात गच्चीवर मी कुरडया घालतेय तो व्हिडिओ होता, हे दिसत नाहीत, नुसता आवाज, "अगं, मला चीक ठेव वाटीभर!" तो गेला असता तर? तशीच रिक्षा करून नाशिक रोडच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने डिस्क हुंगली आणि हसला, "काकू, हिला कसर लागत नाही हो!" मग तपासून म्हणाला, "कधीतरी एखादी एरर येते, वायर सैल असेल, ती बदलतो. वारंवार आली तर मात्र समजा, डिस्क चालली. आणि अजून एक प्रत करून दुसऱ्या कोणाच्या घरी ठेवा." मी हो म्हटलं आणि स्टुलावर बसूनच राहिले. आम्हाला मूलबाळ नाही, बहीण गेली, शेजारचे फ्लॅट विकून गेलेले. कोणाचं घर सांगू? शेवटी त्यालाच म्हटलं, "तुमच्याकडे ठेवाल?" त्याने काही न विचारता प्रत केली, पाकिटावर माझं नाव लिहिलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. आता एरर येत नाही. तरी महिन्यातून एकदा मी जाते, प्रत नीट आहे ना विचारायला. तोही दर वेळी ड्रॉवर उघडून दाखवतो.