एकवीस टक्के

आमच्या घरी देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. वडील कामगार संघटनेचे. मी अक्षरओळख पत्रकांवरूनच शिकलो आणि दहावीपर्यंत अंगारे, भानामती, चकवा यांच्याविरुद्ध तीन पत्रकं स्वतः लिहिली. त्यामुळे असलं काही सांगायची वेळ माझ्यावर येईल असं मला कोणी म्हटलं असतं, तर मी त्याच्याशी भांडलो असतो. हवं तर तुम्ही माझ्याशी भांडा. पण घडलं ते असं.

मी पेणला रामवाडीत राहतो. माझी हिराआत्या रोह्याजवळ निडीला. तिची उमर मिठागरात गेली, आता दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा पेणला डायलिसिस. ने-आण माझ्या इलेक्ट्रिक गाडीतून. ही गाडी मी हौसेने नाही, तत्त्वाने घेतली. आपल्या खाडीवर धूर ओतणाऱ्यांत मला राहायचं नव्हतं.

वडखळच्या अलीकडे, बुजवलेल्या मिठागरावर चार्जिंग स्टेशन व्हावं म्हणून सह्या गोळा करणाराही मीच. तेव्हा जुने आगरी म्हणाले होते, "आगराला इचारलं का?" त्यांच्यात रीत होती – दुसऱ्याच्या आगरातून फावडं घ्या, होडी घ्या, घोटभर पाणी घ्या, आधी हाक मारायची. काय नेतोय, कधी परत ठेवणार, ते मोठ्याने सांगायचं. समोरून "ने" आल्याशिवाय हात लावायचा नाही. परत ठेवतानाही हाक मारायची, समोरून "व्हय" आलं की देणं फिटलं. मी पत्रकात त्या प्रश्नाची यथेच्छ टिंगल केली. स्टेशन झालं. फीत कापली, फोटो निघाले.

याच उन्हाळ्यातली गोष्ट. आत्याचं आधीचं डायलिसिस चुकलं होतं – सेंटरचं मशीन बंद. पाय सुजलेले, बोलताना धाप. आदल्या संध्याकाळी मी निडीला जाऊन गाडी तिच्या घरच्या सॉकेटला लावली... आणि लाईट गेली ती सकाळपर्यंत. नागोठण्याचा चार्जर बंद. पुढे हायवेवर वाहनांची रांग, भर दुपारचं ऊन, एसी बंद केला तर आत्याला श्वास घेता येईना. बुजवलेल्या आगराशी पोचलो तेव्हा चार्ज तीन टक्के. ॲम्ब्युलन्सवाला फोनवर म्हणाला, "दीड तास तरी लागेल."

स्टेशनवर चिटपाखरू नव्हतं. मी केबल लावली. स्क्रीन काळा. पुन्हा लावली, बटणं दाबली, मशीनला लाथ घातली.

"बाला," आत्या मागच्या सीटवरून म्हणाली, "न इचारता घेतोस?"

"आत्या, मशीन आहे ते!"

"मशीन कुनाच्या जाग्यावर हाय?"

"आता भाषण नको गो."

"भाषनं तूच करतोस. मला काच खाली करून दे."

तिने काच खाली करून घेतली आणि त्या धापेतही कुठून आवाज आणला कोण जाणे... "वीज नेतंय रं थोडीऽऽ! पेनला जायाचंय! फुडल्या उधानाच्या आत परत ठेवीनऽऽ!"

समोर नुसता भराव. त्यापलीकडे पांढरी जमीन, खाडीपर्यंत एक माणूस नाही. वारा पडलेला. आणि तिथून, लांबून, स्पष्ट – "नेऽऽ."

डॅशबोर्डवर चार्जिंगची खूण लागली. मशीनचा स्क्रीन काळाच होता. चार्ज चोवीसवर आला आणि थांबला. एकवीस टक्के. पेणला वेळेत पोचलो, आत्या वाचली.

परतताना मी रागाने, रस्त्यापलीकडे आता टपरी उघडून बसलेल्या पंक्चरवाल्या दामूदादाला विचारलं, "मशीनचा स्क्रीन का बंद आहे?"

तो हसला. "स्क्रीन? याला लाईनच नाय आली अजून. ट्रान्सफॉर्मर कुठं दिसतो का तुला? फीत कापली नि गेले. तुझ्याच सह्यांचं मशीन हाय नं?"

मी मशीन खोलून पाहिलं. लाईनची वायर यायची त्या खोबणीत मातीच माती.

त्या आठवड्यापासून आत्याचा एकच घोशा. "ठेवून आलास का?" तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "आलो ठेवून." वीज परत कशी ठेवतात? माझ्या गाडीत तशी सोयच नाही. खोटं न बोलण्यावर पत्रकं काढणारा मी, आजारी बाईशी खोटं बोललो.

उधाणाच्या दिवशी, पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, आत्या डायलिसिसवर होती. हॉलमधली बाकीची मशीनं चालू, फक्त तिचं बंद पडलं. सिस्टर हाताने हँडल फिरवून नळीतलं रक्त तिच्या अंगात परत घालत होती. आत्याने माझ्याकडे पाहिलं. रागावली नव्हती, घाबरली होती.

"नाय ठेवलंस ना?"

मी धावलो. भरावावर पोचलो तेव्हा भरतीचं पाणी रस्त्याच्या कडेला लागलं होतं. चार्ज एकसष्ट. केबल लावली. आजूबाजूला कोणी नाही ना, हे आधी बघितलं, याची आजही लाज वाटते. मग ओरडलो, "आणलंय... परत ठेवतोय!"

साठ. एकोणसाठ. मी गाडीत बसून आकडा उतरताना बघत होतो. बरोबर चाळीसवर थांबला. तेवढ्यात सिस्टरचा फोन – "मशीन सुरू झालं. आत्या बऱ्या आहेत."

मी लाईनसाठी अर्ज केलेत, नवं पत्रक काढलंय. वायर न टाकता भविष्याचे फोटो काढणाऱ्यांवर माझा राग तसाच आहे. आणि इलेक्ट्रिक गाड्या यायलाच हव्यात, हे मतही. पण बिनवायरच्या मशीनमधून एकवीस टक्के आले कुठून आणि गेले कुठे, याचा मेळ मला लागलेला नाही. गाडीच्या कंपनीचा मेकॅनिक सेन्सरचा दोष म्हणतो. सेन्सरच्या दोषावर गाडी पेणपर्यंत चालत नाही.

त्या उधाणाच्या संध्याकाळी आत्याने विचारलं, "हाक मारलीस?"

"मारली."

"व्हय म्हनला का तो?"

मी पाऊण तास थांबलो होतो. पाणी ओसरेपर्यंत. या वेळी खोटं बोललो नाही.

"नाही, आत्या. कोणीच काही म्हणालं नाही."

तिने सुईच्या हातावरची पट्टी नीट दाबली. मग म्हणाली, "म्हंजे मला जायाला लागल. सबूद मी दिलता."

पुढचं उधाण अमावस्येला आहे. गाडी मी पूर्ण चार्ज करून ठेवलीय.