बाथरूमची कडी

बाबा पहिल्यांदा पडले ते बाथरूममध्ये, आतून कडी लावलेली असताना. दहिसरच्या आमच्या टॉवरच्या वॉचमनने खांदा देऊन दार फोडलं. मी आत शिरले, त्यांच्या काखेत हात घालून ओढलं, तर ते तसूभर हलले नाहीत आणि माझ्याच कमरेत उसण भरली. शेवटी वॉचमन आणि शेजारचे दोघे, अशा तिघांनी त्यांना ओल्या पंच्यावर उचलून बाहेर आणलं. हाडबीड काही मोडलं नव्हतं. पण त्या दिवसानंतर बाबा लिफ्टमध्ये त्या शेजाऱ्यांकडे बघेनासे झाले.

नवी कडी बसवली, पण ती लावायची नाही, असा हुकूम मीच काढला. घरात आम्ही दोघंच, त्यात बाबा अठ्ठ्याहत्तरचे. आयुष्यभर माझ्या प्रत्येक गोष्टीवर वाद घातलेला माणूस या एका गोष्टीवर काही बोलला नाही, तेच मला लागलं. दार नुसतं लोटून ते आत बसायचे आणि बाहेर येईपर्यंत खोकत राहायचे. खोकला झाला नव्हता. आत माणूस आहे, हे कळावं म्हणून. मी ओट्यापाशी पोळ्या लाटत ते ऐकायची आणि स्वतःवरच चिडायची.

म्हणून मी बारा किलोची केटलबेल मागवली. जिम लावायला मला ना वेळ होता ना हौस. अंधेरीच्या ऑफिसातून येईपर्यंतच जीव अर्धा होतो. मूठ असलेला तो लोखंडी गोळा, एक सतरंजी आणि पलंग नि कपाट यांच्यामधली जागा, एवढ्यावर भागवायचं ठरवलं. डोक्यात एकच होतं: पुढच्या वेळी बाबांना मी एकटी उचलणार. वॉचमन नको आणि शेजारी तर नकोतच.

"आमच्या तालमीत उचलायला नाल होती, दगडाची," गोळा बघून बाबा म्हणाले. "तुझी लोखंडाची, एवढाच फरक."

गिरणीत असताना ते पहाटे तालमीत जायचे. आता पलंगावर बसून, चहा फुंकत, ते माझं मोजू लागले. आमच्या गावी भात मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. बाबा माझ्या बैठकाही तशाच मोजायचे. "लाभ, दोन, तीन... ही काय बैठक गो? खाली जा, खाली!" एकदा मी गोळा आपटलाच. "एवढं येतंय तर तुम्हीच करा ना!" ते कप घेऊन उठले. दुखावले असतील असं वाटलं, पण माझा स्वभाव असा की माफी दुसऱ्या दिवसावर ढकलली आणि मग राहूनच गेली.

सगळ्यात अवघड प्रकार उठण्याचा. पाठीवर झोपायचं, एका हाताने वजन वर धरायचं आणि तसंच उठायचं: आधी कोपर, मग तळहात, मग गुडघा, मग उभं. पहिले कित्येक आठवडे मी तो रिकाम्या हातानेच करत होते. हा प्रकार चालू असला की बाबा मोजायचं विसरून नुसते बघत बसायचे. मध्यंतरी संध्याकाळी घरी आले की माझी सतरंजी उलटी घडी घातलेली सापडायची. दुपारी आडवे होत असतील, म्हणून मी विचारलं नाही.

वर्ष असंच गेलं आणि खंडेनवमी आली. हत्यारांच्या पूजेला आमच्याकडे विळी, हातोडी आणि आईचं शिलाई मशीन असतं. त्यांच्या रांगेत बाबांनी माझा गोळाही बसवला. गिरणीत कापड विणायचा साचा पुसायचे तसा खोबरेल लावून चकचकीत केला, पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला. "आज त्याला हात लावायचा नाही. त्यालाही सुट्टी." तेलाचे थेंब लादीवर सांडले होते, ते मात्र पुसायचे राहिले.

मी स्वयंपाकघरात होते. धप्प आवाज झाला. आधी वाटलं, गोळा पडला. मग लक्षात आलं, गोळा तर खाली पाटावर आहे, तो पडेल कुठून?

बाबा लादीवर कुशीवर पडले होते. मी पाय रोवून खाली बसले, पाठ ताठ केली, हात पुढे केले. याच क्षणासाठी वर्षभर घाम गाळला होता.

"रव," बाबा म्हणाले. "हात लावू नको."

"अहो बाबा, वेडेपणा करू नका!"

"रव म्हटलं ना!"

मी थांबले. त्यांनी पायाची बोटं हलवून पाहिली, गुडघे हलवून पाहिले. "लाभ," म्हणत कोपरावर आले. "दोन," तळहातावर. "तीन"ला बराच वेळ लागला; गुडघा खाली घेताना ओठ आवळले होते. मग एक हात पलंगाच्या कडेवर ठेवला आणि माझे बाबा उभे राहिले.

"तूच म्हणाली होतीस ना, तुम्हीच करा म्हणून," ते धापा टाकत म्हणाले. "दुपारी घर रिकामाच असता."

मी रडले, मग तेलावरून त्यांना यथेच्छ झापलं आणि लादी दोनदा साबणाने पुसली. इतकं हलकं मला किती तरी महिन्यांत वाटलं नव्हतं. माझ्या वर्षभराच्या मेहनतीची गरजच पडली नाही, याचा एवढा आनंद होईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला हसले असते.

दसऱ्याच्या सकाळी बाबा खांद्यावर पंचा टाकून आंघोळीला निघाले. बाथरूमच्या दारात थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"लावा," मी म्हटलं.

आतून कडी लागली. मी चहा गाळत होते. खोकल्याचा आवाज आला नाही.