कोऱ्या कापडाने पुसलेली लाल गाडी

मंडळी, आज माझ्या हातून लई वाईट झालं. माझी नात सोनल पडघा गावात स्वतःच्या दुकानात गाड्या धुऊन चमकवते. आज तिच्याकडे पहिलीच स्पोर्ट्स कार आली. लालभडक, काय देखणी बाई! आनंदाच्या भरात मी ती लूमच्या, म्हणजे यंत्रमागावरच्या, कोऱ्या कापडाने पुसली. जन्म लूमवर गेला माझा, कोरं कापड कांजीने कडक असतं हे मलाच आठवू नये? ओरखडेच ओरखडे.

"सोने, वॅक्स लाव, झाकून जाईल."

"आजी, वॅक्स धुऊन जाईल. ओरखडे पॉलिशनेच निघतात, पण त्यात रंग घासला जातो. मालकाला सांगावंच लागेल."

तिने सांगितलं. मालक काम न करून घेताच गाडी घेऊन गेला.

सोनल मला रागावली पण न्हाय. एवढी गुणाची पोर, आणि तिचं पहिलं मोठं काम मीच घालवलं. उद्या तिच्या दुकानात पाय ठेवू का नको, सांगा?