तिसऱ्यांदा विचारलेला चहा

माझं लहानपण आयर्लंडमधल्या एका छोट्या गावात गेलं. बाबा तिथे डॉक्टर होते. तेव्हा इंटरनेट नव्हतं, आणि घरात फोन असला तरी येण्याआधी तो कुणी करत नसे. शेजारच्या आयरिश मावशींचं मागचं दार दिवसभर उघडंच असायचं. आई मला घेऊन सरळ आत शिरायची.

मावशी विचारायच्या, "चहा घेणार?" आई म्हणायची, "नको नको, आत्ताच झाला." त्या पुन्हा विचारायच्या, आई पुन्हा नको म्हणायची. तोवर किटली चढलेली असायची. तिसऱ्यांदा विचारल्यावर आई म्हणायची, "बरं, अर्धाच कप." मग दोघी दोन-दोन कप प्यायच्या. घरी येऊन आई बाबांना सांगायची, "ही बाई अगदी आपल्यातलीच आहे हो."

आता मी अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये एकटी राहते. गेल्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं. विमानाने चार तासांवरच्या बॉथेलहून मुलीचा व्हिडिओ कॉल आला. "आई, मी येऊ का?"

"नको गं, उगाच कशाला सुट्टी घालवतेस?"

"ओके आई, टेक केअर," म्हणाली आणि कॉल संपला.

इथे माणसं एकदाच विचारतात. एकदाच! तिला तरी काय बोलायचं? ती इथेच वाढली, आणि मी तिला हे कधी शिकवलं नाही. आता शिकवायचं त्राण नाही.

तरी बराच वेळ मी फोन हातात धरून बसले होते. अजून दोनदा विचारायचं राहिलं होतं तिचं.