कूलरमधला मोगरा

अठरा एप्रिल. सकाळचे नऊ वाजले होते, अकोल्यातलं ऊन भिंतीतून आत यायला लागलं होतं आणि मी नव्या कूलरसमोर बसून त्याचे स्क्रू शोधत होते. कुठेच नव्हते. पंखा फिरत होता, पण पाणी वर चढत नव्हतं. मागे खाटेवर सासूबाई डोक्यावर ओला पंचा घेऊन बसल्या होत्या. मागच्या उन्हाळ्यात बाळापूरच्या लग्नाहून आल्यावर त्यांना ऊन लागलं आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. खोली थंडच राहिली पाहिजे, असं डॉक्टरांनी तेव्हा बजावलं होतं.

“हे पेटी गरम हवा मारून राह्यली वं,” त्या म्हणाल्या.

दुपारी मेकॅनिक आला. त्याने कूलर आडवा केला, परत उभा केला.

“ताई, पंप सीलबंद आहे. खुलत नाही. खालचा पूर्ण भाग बदलावा लागते.”

“मंग बदला.”

“पार्ट मागवा लागते. आठ-दहा दिवस लागतीन.”

आठ-दहा दिवस सासूबाईंना या खोलीत कसं ठेवायचं, हे त्याला विचारून उपयोग नव्हता.

आमचा जुना लोखंडी कूलर कितीतरी उन्हाळे चालला. दर मार्चमध्ये जाळ्यांतलं गवत बदलायचं, टाकीला आतून डांबर फासायचं. पंप जळला तर फक्त पंप बदलायचा. काढलेल्या गवताने मी भांडी घासत असे. या सगळ्याला काही नाव असतं, हे मला नवऱ्याकडून कळलं. तो शाळेत शिकवतो. दिवाळीनंतर अमरावतीला कार्यशाळेला गेला आणि ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ शिकून आला. वस्तू फेकायची नाही, पुन्हा वापरायची. मला पटलं.

मग मी धामणगावला माहेरी गेले. परत येते तर कूलरची टाकी गच्चीवर, टाकीत माती, मातीत मोगरा. बाहेरून हिरवा रंग. पाणी निथळावं म्हणून तळाला ड्रिलने पाडलेली भोकं. आणि आता घरात कूलर नाही, म्हणून बाजारातून आणलेला हा प्लास्टिकचा. पंखा आणि पंप तेवढे मी पोत्यात घालून माळ्यावर टाकले, सांगाडा जिन्याखाली सरकवला.

नवरा शाळेतून आला तसं मी विचारलं, “चालत्या कूलरची कुंडी काहून केली तुमी?”

“पुनर्वापर आहे तो.”

“अन् दरसाल गवत बदलून चालवत होतो, ते काय होतं?”

तो पाणी प्यायला. मग म्हणाला, “मोगऱ्याले कळ्या आल्या आहेत. आता उपटला तर मरन तो.”

“वाचव बापा मोगऱ्याले,” सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. “माहं काय, मी म्हातारी.”

 

दुसऱ्या दिवशी सकाळी, तो झोपेत असतानाच, मी मोगरा मातीसकट उचलून गळक्या बादलीत लावला. टाकी खरवडून धुतली, ऑटोत घातली आणि वेल्डरचं शटर वर जाण्याआधीच त्याच्या दारात उभी राहिले. त्याने टाकी उलटी करून पाहिली.

“ताई, गंजानं भोकं पडतेत, पन हे इतके गोल कशे?”

“मास्तरनं पाडले,” मी म्हणाले. “तुमी बुजवा.”

तो बुजवत होता तोवर मी शेजारच्या दुकानातून गवत आणि डांबराचा डबा घेऊन आले.