दत्तूची मिशी

माझी नाटकातली बायको आज सकाळी गेली.

नाव दत्तात्रय. वय नव्वदच्या आसपास, नक्की त्यालाही माहीत नव्हतं.

संत तुकाराम नगरात, राहत्या घरी, चहा पिऊन झाल्यावर. त्रास झाला नाही असं त्याचा मुलगा फोनवर म्हणाला.

मी वाकडला चौदाव्या मजल्यावर असतो. गुडघे साथ देत नाहीत, म्हणून जाता आलं नाही. मी सांगतोय, नात टाईप करतेय.

पन्नासच्या दशकाची शेवटची वर्षं. आम्ही दोघं पिंपरीच्या एका कंपनीत लेथवर होतो, राहायचो एकाच खोलीत. कंपनीतल्या हौशी मंडळींनी एक जुनं संगीत नाटक बसवायला घेतलं.

कॉलनीतल्या बायका नाटक बघायला एका पायावर तयार होत्या. स्टेजवर यायला एकही नाही.

म्हणून नायिका दत्तू. गळा असा, की पेटीवाले मास्तर वाजवायचं विसरायचे.

हीरो मी. कारण मी उंच होतो. दुसरं काही कारण नाही.

अडचण एकच होती. दत्तूला मिशी होती आणि दत्तूचे वडील जिवंत होते.

आमच्याकडे बाप गेल्यावरच मुलगा मिशी उतरवतो. बाप असताना काढली, तर त्याच्या मरणाची वाट बघितल्यासारखं. त्यात त्याचे वडील, चऱ्होलीचे आबा, जुन्या वळणाचे, आणि दत्तू एकुलता एक मुलगा.

मास्तर म्हणाले, "मिशी ठेवायची असेल तर मी दुसरी नायिका बघतो."

रंगीत तालमीच्या दिवशी मी दत्तूला सलूनमध्ये घेऊन गेलो. न्हाव्याने वस्तरा हातात घेतला आणि हळू आवाजात विचारलं, "वडील कधी गेले?"

दत्तू म्हणाला, "न्हाई गेले."

न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला.

शेवटी खोलीवर माझ्या ब्लेडने मीच काढली. पाप असेल तर अर्धं माझ्या नावावर.

गावी निरोप धाडला, ओव्हरटाइम आहे, पंधरा दिवस येत नाही. आम्हाला वाटलं, मिटलं.

कसलं मिटतंय!

दत्तूची बहीण मोशीला दिलेली. तिच्या शेजारचा एकजण भाजी घेऊन पिंपरीच्या बाजारात आला होता. त्याने सायकलवरून जाणारा दत्तू पाहिला. ओठावर मिशी नाही. भर रस्त्यात कसं विचारायचं म्हणून गडी तसाच परत गेला आणि तिला म्हणाला, "आबा गेलं व्हय गं? आन् तुला कुनी कळवलंबी न्हाई?"

ती माऊली मोशीहून चऱ्होलीपर्यंत रडत चालत आली. वेशीतच तिने गळा काढला.

दारात आबा बैलांना वैरण टाकत होते.

"कोन गेलं?" आबांनी विचारलं.

तिने हुंदके देतच दत्तूच्या मिशीचं सांगितलं.

हे सगळं आम्हाला कळलं ते प्रयोगाच्या दिवशी. रविवार, दुपारची वेळ, कंपनीची कॅन्टीन शेड. पडदा उघडायला अर्धा तास होता आणि आबा काठी घेऊन थेट मेकअपच्या खोलीत घुसले.

समोर दत्तू. नऊवारी, खोपा, नथ.

आबा त्यालाच म्हणाले, "बाई, दत्तू कुठं हाय?"

दत्तू पाया पडला. आबांच्या तोंडून सवयीने गेलं, "सौभाग्यवती हो."

"आबा, मीच हाय."

आबा कपड्यांच्या ट्रंकेवर बसले.

"मी जित्ता असताना मिशी उतरवलीस? लेक माजी दोन कोस रडत आली."

दत्तूच्या डोळ्यांतून पाणी आलं. मेकअपवाला ओरडला, "अरे, रंग जातोय!"

दत्तू म्हणाला, "आबा, तीन अंक बसा. मग तुमी म्हनाल तर कंपनीबी सोडतो आन् गाणंबी. उद्यापासनं शेतावर येतो."

तो बोलल्याप्रमाणे करणारा माणूस होता.

आबा उठून बाहेर गेले आणि सगळ्यात पुढे जाजमावर बसले. गावच्या भजनात चाळीस वर्षं पखवाज वाजवलेला माणूस. तोंड दुसरीकडे वळवून बसले होते.

पहिल्या पदाला तसेच. दुसऱ्यालाही तसेच.

दुसऱ्या अंकात दत्तूचं मोठं पद होतं. लोकांनी वन्स मोअर घेतला. दुसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा मी पाहिलं, आबांची बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती. ते बघण्याच्या नादात मी माझं वाक्य विसरलो.

नाटक संपलं. आबा पुन्हा मेकअपच्या खोलीत आले. आधी माझ्याकडे वळले.

"जावईबापू, तुमचा गळा लई वंगाळ हाय. माजी पोर गाती तवा मधी रेकू नगा."

मग दत्तूकडे नीट बघितलं.

"मिशी वाढवू नगंस. म्होरल्या वर्साला परत काढाया लागंल."

एवढं बोलून निघाले. जेवायलाही थांबले नाहीत.

दत्तूने पुन्हा मिशी ठेवली नाही. आबा दर वर्षी नाटकाला यायचे. माझं कौतुक त्यांनी एकदाही केलं नाही.

पुढे वीसेक वर्षांनी आबा गेले. दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर मी दत्तूच्या शेजारी उभा होतो. न्हाव्याने डोकं केलं, हात ओठाकडे नेला आणि थांबला. काढायला काही नव्हतंच.

दत्तू म्हणाला, "ती आबांच्या देखत गेलीया. त्यांना म्हाईत हाय."

आणि घाटावर बसून मोठ्याने रडला. स्टेजवर दर वर्षी रडलेला माणूस. हे रडणं वेगळं होतं.

दत्तू, माझा सूर चुकला की तू हळूच तुझा आवाज चढवायचास. लोकांना कधी कळलं नाही. मला दर वेळी कळायचं, फक्त तुला कधी सांगितलं नाही.

आज सांगतो. नमस्कार रे बाबा.